पाय टेकतो का ते आधी बघा

यंदा दहावी-बारावीचे निकाल लागले आणि या सदराकडे आलेल्या पत्रांचा सूर एकच झाला : पहिली बाईक क्रूझर (खाली बसून, पाय पुढे ठेवून चालवायची) घ्यावी की स्पोर्ट (पुढे वाकून चालवायची)? त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : वय १९, उंची पाच फूट सात इंच, वजन ५८ किलो. बाबांच्या स्प्लेंडरवर शिकलो. मला यामाहाची आर१५ हवी आहे. बाबा म्हणतात, त्या वाकून चालवायच्या गाडीपेक्षा रॉयल एनफिल्डची मीटिअर क्रूझर घे, निदान शांतपणे चालवशील. कोणाचं बरोबर? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : बाबांचा सल्ला टाकाऊ नाही, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. कागदावर बघितलं तर आर१५ व्ही४ ची ताकद १८.४ पीएस, मीटिअर ३५० ची २०.२ बीएचपी (दोन्ही मापं जवळजवळ सारखीच). म्हणजे ‘शांत’ गाडीच किंचित जास्त ताकदीची निघते. फरक आहे तो ही ताकद कुठे हाताला लागते यात. मीटिअर २७ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) ४,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर देते, आर१५ चा १४.२ चा टॉर्क ७,५०० ला येतो. सिग्नल सुटल्यावर इंजिन दोन-तीन हजारांवर असतं. तिथे मीटिअरचा क्लच हळूच सोडला तर रेस न देताही गाडी पुढे सरकते. आर१५ ला थोडी रेस द्यावी लागते, नाहीतर गाडी झटका मारून बंद पडते. नवशिक्याच्या पहिल्या महिन्यातला निम्मा वैताग याच जागी असतो, आणि तिथे क्रूझर जास्त सांभाळून घेते.

वजनाचं मात्र उलट आहे. मीटिअर १९१ किलो, आर१५ १४२. मधला फरक सिमेंटच्या एका गोणीएवढा. स्प्लेंडर ११२ च्या आसपास, त्यामुळे आर१५ वर तुम्हाला फार परकं वाटणार नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये उतारावर नाक खाली करून लावलेली मीटिअर मागे ओढताना ही गोणी आठवेल.

आता बसण्याची पद्धत. आर१५ ला क्लिप-ऑन हँडल आहे, म्हणजे हँडलचे दोन तुकडे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या) नळ्यांना खालच्या बाजूला पकडलेले. फूटरेस्ट मागे आणि वर. अंग पुढे झुकतं आणि नवखा माणूस सगळा भार मनगटांवर टाकतो. मनगट दुखतं हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा असा की कोपर ताठ होतात, खड्डा आला की धक्का थेट रेसच्या मुठीत जातो आणि गाडी आपोआप पुढे उसळते. शोरूममध्ये एक गोष्ट करून बघा. कोणाला तरी गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी उभी ठेवणारा स्टँड) धरून ठेवायला सांगा. दोन्ही पाय फूटरेस्टवर, गुडघ्यांनी टाकी आवळून धरा आणि दोन्ही हात हँडलवरून दोन इंच वर उचला. दहा सेकंद अंग पुढे कोसळू न देता राहता आलं तर पोट आणि पाठ काम करतायत. नाही आलं तर सवय करावी लागेल. पंधरा दिवसांत होते.

क्रूझरमध्ये मनगटांना आराम, पण पाय पुढे असल्यामुळे स्पीडब्रेकरवर बूड उचलता येत नाही. सगळा दणका माकडहाडाला. दोन्हींत सुख नाही, दुखण्याची जागा तेवढी वेगळी.

तुमची उंची, वजन आणि स्प्लेंडरचा हात पाहता आर१५ घ्यायला हरकत नाही. एक अट : विमा झिरो-डेपचा, म्हणजे घसारा न कापणारा घ्या. साध्या विम्यात प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि या गाडीचा अख्खा अंगरखा प्लॅस्टिकचा आहे. साइड स्टँड नीट न लागता गाडी जागच्या जागी पडली तरी फेअरिंग (म्हणजे हा अंगरखा), आरसा, इंडिकेटर आणि लिव्हर एकदम जातात. मीटिअर तशीच पडली तर बहुतेकदा लेगगार्ड आणि हँडलचं टोक खरचटतं, बाकी धूळ झटकून पुढे. आणि बाबांना सांगा, शंभरचा आकडा मीटिअरही गाठते.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. सहा वर्षं अॅक्टिव्हा चालवते. गिअरची गाडी शिकायची आहे, पण पाय पुरणार नाहीत म्हणून सगळे हसतात. सीटची उंची किती असावी? (नोकरदार वाचक, नाशिक)

उत्तर : हसणाऱ्यांना बाजूला ठेवून आधी टेप घ्या. माणसाची उंची इथे फारशी कामाची नाही, पायाची आतली लांबी हवी. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कणा वर करून मांड्यांमध्ये धरा आणि सीटसारखं घट्ट वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून मोजा. तुमच्या उंचीला हा आकडा साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास येईल. त्यात बुटाच्या तळव्याचे दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा.

आता सीटची उंची बघा. बजाजची क्रूझर अॅव्हेंजर २२० क्रूझ ७३७ मिलिमीटर, मीटिअर ७६५, स्प्लेंडर ७८५, आर१५ ८१५. तुमच्या आकड्याला पहिल्या दोनच जमतील असं वाटेल, पण कंपनीचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. तुम्ही बसल्यावर शॉक दोन-तीन सेंटिमीटर दबतात. उलट सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढीच उंची वाया जाते. क्रूझरची सीट रुंद असते, स्पोर्टची टाकीजवळ निमुळती. म्हणून ७६५ आणि ८१५ मधला फरक पायाला ५० मिलिमीटरपेक्षा कमी जाणवतो. बसून बघितल्याशिवाय आकड्यावर निर्णय घेऊ नका.

बसून बघताना दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असा हट्ट नको. दोन्ही पायांचे चवडे टेकले, किंवा डावा पाय पूर्ण टेकला आणि उजवा मागच्या ब्रेकवर राहिला, की पुरतं. गाडी थांबते तेव्हा एकच पाय कामाला येतो. धोका झुकण्यात आहे. ढोबळ हिशोबाने मीटिअर १५ अंश कलली तर हँडलपाशी २५ किलोच्या आसपास भार येतो, ३० अंशांवर तो जवळजवळ दुप्पट. २५ किलो तुम्ही तोलाल. ५० किलो कोणीच एका हाताने तोलत नाही, उंच पुरुषसुद्धा नाही. म्हणून गाडी सावरायची ती पहिल्या दोन-चार अंशांतच, आणि तेवढ्यासाठी पाय वेळेवर जमिनीला लागला पाहिजे. रस्त्याच्या कडेला, जिथे डांबर संपून माती खाली गेलेली असते, तिथे पाय टेकायचा नाही. नेमका तोच पाय दहा सेंटिमीटर खोल जातो आणि पुढचं सगळं एका क्षणात होतं.

आमचं मत : अॅव्हेंजर. वजन १६३ किलो, बसणं खुर्चीसारखं, हँडल जवळ येतं. सेकंडहँड बाजारात ती भरपूर दिसते. दोन उणिवा आहेत, त्या माहीत असू द्या. चाकांमधलं अंतर १,४९० मिलिमीटर आहे (आर१५ चं १,३२५), म्हणून गल्लीत यू-टर्न एका दमात बसत नाही. आणि क्रूझ मॉडेलला तारांचं चाक, आत ट्यूब. मागचं पंक्चर झालं की चाक काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

सीटचा फोम कापून घेण्याचा सल्ला कोणीतरी देईल. दोन सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्याहून जास्त कापलं की खालचा पत्रा बोलायला लागतो.

प्रश्न : आईला मागे बसवून आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. ती नऊवारी नेसते, एका बाजूने बसते. स्पोर्ट बाईक चालेल का? (वाचक, सातारा)

उत्तर : नाही. स्पोर्टची मागची सीट उंच, तळहाताएवढी आणि पुढे उतरती असते. एका बाजूने बसलेला माणूस ब्रेक लागताच सरकतो. फूटरेस्ट दुमडलेले आणि उंच असल्यामुळे म्हाताऱ्या गुडघ्यांना ते झेपत नाहीत. क्रूझरची मागची सीट खाली असते आणि बॅकरेस्ट लावता येतो. पण तुमच्या गरजेला खरं तर साधी ११०-१२५ सीसीची सरळ सीटची गाडी किंवा स्कूटर सगळ्यांत बरी. कोणतीही घ्या, साडीगार्ड आणि धरायची कडी काढून टाकू नका. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताला कडी, पायाला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला आडोसा ठेवण्याची अट आहे ती याचसाठी. नऊवारीचा सोगा चेनमध्ये जायला अर्धा सेकंद पुरतो.

प्रश्न : म्हापशात राहतो, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला जातो. पावसाळ्यातही. अजून स्कूटरवरच गेलोय. वळणांना स्पोर्ट बाईक चांगली म्हणतात, ते नवशिक्यालाही लागू आहे का? (वाचक, गोवा)

उत्तर : अर्धं लागू आहे. स्पोर्टचा फोर्क जास्त उभा असतो आणि गाडी आखूड, म्हणून ती वळणात पटकन शिरते. क्रूझरचं पुढचं चाक लांब पुढे गेलेलं असतं. सरळ रस्त्यावर ती रेघ मारल्यासारखी चालते, पण वळायला आढेवेढे घेते. शिवाय क्रूझरचे फूटरेस्ट खाली आणि पुढे असल्याने तीव्र वळणावर ते रस्त्याला घासतात. कर्र असा आवाज येतो, बुटाला हिसका बसतो आणि नवखा माणूस दचकून रेस सोडतो. तिथे चूक होते. रेस एकदम सोडली की पुढचा शॉक दबतो, गाडी आणखी खाली बसते आणि आणखी घासते. आवाज आला तर रेस आहे तशी धरा, अंग वळणाच्या आतल्या बाजूला थोडं झुकवा, म्हणजे गाडी तेवढीच उभी होते.

दोन्ही गाड्यांत वीस-पंचविसाच्या पुढे वळण्याची रीत एकच आहे, आणि ती स्कूटरवर नकळत तुम्ही करतच असाल. डावीकडे वळायचं तर डाव्या मुठीला हलका पुढे रेटा द्यायचा. गाडी डावीकडे कलते आणि वळते. हँडल ओढून वळवायला गेलात तर घाटात गाडी बाहेरच्या कठड्याकडे जाते. मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने हा रेटा देऊन बघा, मगच घाटात जा.

ब्रेकमध्ये मोठा फरक आहे. जोरात ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. आखूड आणि उंच स्पोर्टमध्ये ते फार येतं, म्हणून मागचा ब्रेक जवळजवळ बिनकामाचा होतो, पुढचाच थांबवतो. लांब आणि बुटक्या क्रूझरमध्ये मागच्या चाकावर बरंच वजन राहतं, म्हणून मागचा ब्रेकही मनापासून काम करतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण ते एका चाकाला आहे की दोन्ही ते विचारून घ्या. आर१५ आणि मीटिअरला दोन्हीकडे आहे. अॅव्हेंजरला फक्त पुढे, मागे ड्रम ब्रेक. ओल्या उतारावर तो दाबून धरला तर मागचं चाक लॉक होऊन गाडी शेपटी हलवते.

पावसातलं अंतर डोक्यात पक्कं असू द्या. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ११ मीटर असेच गेले. ओल्या डांबरावर पुढे सुमारे १५ मीटर. एकूण २६. ताशी ६० ला हेच अंतर ५० मीटरच्या वर जातं. धुक्यात समोरचं तीस मीटरच दिसत असेल तर वेग किती ठेवायचा ते तुम्हीच काढा. उतरताना गिअर कमी ठेवा, इंजिनाला गाडी धरू द्या. गिअर पाडताना क्लच धाडकन सोडू नका, मागचं चाक घसरतं. आर१५ ला स्लिपर क्लच असल्यामुळे तिथे थोडी माफी मिळते. पांढरे पट्टे, पुलावरचे लोखंडी सांधे आणि झाडाखालचा पालापाचोळा यांवर गाडी उभी ठेवून जायचं, कललेली नाही.

पहिला पावसाळा स्कूटरवरच काढा. गाडी दिवाळीला घ्या आणि कोरड्या घाटात हात बसवा.

प्रश्न : केटीएम आरसी ३९० पहिली गाडी म्हणून? बजेट आहे. (वाचक, पिंपरी)

उत्तर : ३७३ सीसी, ४३ पीएस. नको. आपल्याकडे १८ वर्षं झाली आणि गिअरच्या मोटरसायकलचा परवाना मिळाला की कितीही सीसीची गाडी काढता येते, मधे पायरीच नाही. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी मिळणारा परवाना १२५ सीसी आणि ११ किलोवॅटवर थांबतो. आर१५ सुद्धा त्यात बसत नाही. बजेट आहे तर दीडशे-दोनशे सीसीची गाडी घ्या आणि उरलेल्या पैशांत आयएसआय खुणेचं फुल-फेस हेल्मेट, बोटांच्या पेरांवर संरक्षण असलेले हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, ३५० पर्यंत १८. तोही हिशोब करा.

प्रश्न : सेकंडहँड स्पोर्ट बाईक बघतोय. मालक म्हणतो कधीच पडलेली नाही. कसं ओळखायचं? (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : फेअरिंग चकाचक असेल तर उलट जास्त शंका घ्या. चार वर्षांच्या गाडीवर नवं कोरं प्लॅस्टिक आलं कुठून? पडल्याच्या खुणा प्लॅस्टिकवर नाही, टोकांवर शोधा. क्लच आणि ब्रेक लिव्हरच्या टोकाचा गोळा, हँडलच्या टोकाचं वजन, फूटरेस्टचं टोक, सायलेन्सरची बाहेरची बाजू. एकाच बाजूची ही चारही घासलेली असतील तर गाडी त्या बाजूला लोळलेली आहे. गाडी उभी असताना जागच्या जागी पडली असेल तर फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते फोर्क वाकला असेल तर. गाडी सरळ रस्त्यावर तीसच्या वेगाने न्या आणि बघा, चाक सरळ असताना हँडल एका बाजूला तिरकं राहतं का. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेलाचा ओघळ असेल तर सील बदलावी लागेल. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) टोकापाशी चेन बोटाने मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेनसेट संपला, तेवढे पैसे किमतीतून कापा. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.

क्रूझर बघत असाल तर एवढंच वाढवा : लेगगार्ड नवा दिसला तर त्याच्या बोल्टपाशी फ्रेमला चीर आहे का ते बॅटरी मारून बघा.

प्रश्न : गाडी परवा येतेय. सराव कसा करू? (वाचक, ठाणे)

उत्तर : रिकामं पटांगण, तीस मीटर लांब, पाण्याच्या सहा बाटल्या, रोज अर्धा तास. घाई नको, आठ-दहा दिवस लागतील.

पहिले दोन दिवस फक्त हाफ क्लच. पहिला गिअर, रेस नाही, क्लच मिलिमीटर-मिलिमीटरने सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे जायला बघते, तिथे थांबा. तीन सेकंद धरा, परत दाबा. वीस वेळा. जळका वास आला तर पाच मिनिटं विश्रांती, क्लचप्लेट भाजतायत. नंतर दोन्ही पाय वर घेऊन वीस मीटर जा, पण दहा सेकंदांच्या आत पोहोचायचं नाही. मागचा ब्रेक किंचित दाबलेला, वेग क्लचने कमी-जास्त. तोल इथे येतो, वेगात नाही.

मग बाटल्यांभोवती यू-टर्न. इथे दोन्ही गाड्यांची खोडी वेगळी आहे. स्पोर्टवर हँडल पूर्ण वळलं की अंगठा हँडल आणि टाकीच्या मधे चेंगरतो. मूठ आधीच थोडी बाहेर सरकवून धरा. क्रूझरवर बाहेरच्या बाजूचं हँडल हातातून लांब पळतं, मग माणूस ताणला जातो आणि क्लच सुटतो. तिथे अंग कमरेतून फिरवायचं. दोन्हींवर एक गोष्ट कधीच करायची नाही : हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक. फोर्क दबतो, सगळा भार आतल्या बाजूला येतो आणि गाडी जागीच आडवी होते. नव्या गाडीला पहिला ओरखडा बहुतेक असाच पडतो. वळताना उजव्या हाताची चारही बोटं मुठीभोवती ठेवा, लिव्हरवर नको.

शेवटचे तीन दिवस ब्रेक. ताशी तीसवरून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा लिंबू पिळतात तसा, आधी हलका, मग घट्ट. एबीएस लागलं की लिव्हर बोटांखाली थरथरतो. घाबरून सोडू नका, तो त्याचं काम करतोय.

गाडी पडली तर कंबर वाकवून ओढू नका. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढून आणि गाडी गिअरमध्ये टाकून घ्या. सीटकडे पाठ करा, जमिनीकडे वळलेल्या हँडलची मूठ एका हातात, मागची कडी किंवा फ्रेम दुसऱ्या हातात, बूड सीटला टेकवून छोट्या पावलांनी मागे चालत जा. उचलली गेली की पलीकडे पडणार नाही याकडे लक्ष, स्टँड त्यासाठीच आधी काढलाय. डाव्या बाजूला पडली असेल तर उभी केल्यावर एका हाताने तोल धरून पायाने स्टँड काढावा लागतो. एकटे असाल तर हे आधी घरी, गादीवर झोपवलेल्या सायकलवर करून बघा. घरचे हसतील, हसू द्या.